विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे
(इयत्ता चौथी ते सातवीच्या वर्गांवर सामान्य विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)



सामान्य विज्ञानाच्या पाठांत द्रावणाचा पाठ शिकवावयास सर्वांत सोपा, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. पेल्यात पाणी घ्यावे, चमचाभर मीठ टाकावे, ढवळावे आणि "मीठ पाण्यात विरघळते" असे फळ्यावर लिहावे, की पाठ संपला. शाळाभेटीच्या वेळी मी हा पाठ झालेल्या वर्गास एकच प्रश्न विचारीत आलो आहे : "मीठ कोठे गेले?" पुष्कळदा उत्तर येते, "गुरुजी, ते नाहीसे झाले." कोणी म्हणते, "मिठाचे पाणी झाले." ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. मुले डोळ्यांनी जे पाहतात तेच सांगतात. त्यांना त्यापुढे नेण्याचे काम आपले होते आणि ते आपण केले नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा पाठ मुलांच्या मनात पक्का कसा बसवावा, याविषयी काही विचार व एक टाचण येथे देत आहे.

१. एका चुकलेल्या तपासणीची हकीकत

प्रथम माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी मुलुंडच्या पूर्वेकडील एका शाळेत शिकवीत होतो. वर्गात मिठागरांवर काम करणाऱ्या कुटुंबांतील काही मुले होती. एका चाचणीत प्रश्न होता : "समुद्राच्या पाण्यापासून मीठ कसे मिळते?" अपेक्षित उत्तर पुस्तकातले : सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते व मीठ मागे उरते. एका मुलीने लिहिले होते : "पाणी उन्हात आटवायचे. पण सगळे आटू द्यायचे नाही. शेवटचे पाणी सोडून द्यायचे, नाही तर मीठ कडू होते." मी त्यावर तांबडी फुली मारली आणि समासात "पाणी पूर्ण आटले पाहिजे" असा शेराही लिहिला.

चार दिवसांनी मुलीचे वडील शाळेत आले. मोठ्या अदबीने म्हणाले, "गुरुजी, पोरगी बरोबरच सांगते. शेवटचं पाणी सोडावंच लागतं. एकदा आगरावर येऊन बघा." मी गेलो, पाहिले आणि परत येऊन पुस्तके उघडली. मुलगी बरोबर होती. मीच अर्धवट शिकलेला होतो. दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर मी फळ्यावर लिहिले, माझी चूक वर्गापुढे सांगितली आणि कापलेले दोन गुण तिला दिले. तथापि, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तिने आपण होऊन वर्गात क्वचितच हात वर केला. गुण परत देता आले. उडालेला विश्वास देता आला नाही. त्या दिवसापासून द्रावणाचा पाठ मी नव्याने शिकू लागलो.

२. आगरात काय घडते

मुंबईहून रेल्वेने ठाण्याकडे जाताना घाटकोपरच्या पुढे कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड ही स्थानके लागतात. त्यांच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीपर्यंत सपाट खाजणे पसरलेली आहेत. या खाजणांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आले. आगरी समाजाचे नावदेखील आगर या शब्दाशी जोडले जाते. आज उपनगरांतील बऱ्याच आगरांत हे काम थांबलेले आहे. परंतु तेथे ज्या रीतीने मीठ काढीत, ती रीत म्हणजे द्रावणाच्या गुणधर्मांचा संपूर्ण पाठच होय.

पावसाळा सरला की बांधबंदिस्ती होई. वाफ्यांचे तळ पायांनी तुडवून व चोपून घट्ट करीत, म्हणजे पाणी मुरत नसे व मिठात चिखल मिसळत नसे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी बांधाच्या उघाडीतून आत घेऊन प्रथम मोठ्या वाफ्यांत साठवीत. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पुढे सरकवीत. दर मुक्कामाला ऊन व वारा त्यातील पाण्याचा काही भाग घेऊन जाई, आणि उरलेले पाणी अधिकाधिक खारे होई.

आता आकडे पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरीने सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी आपले नित्याचे मीठ सुमारे २७ ग्रॅम असते. उरलेल्यांत मुख्यत्वे मॅग्नेशियमचे व कॅल्शियमचे क्षार येतात. उलटपक्षी, एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ सामावू शकते. म्हणजे समुद्राचे पाणी आपणांस कितीही खारट लागले, तरी मिठाच्या दृष्टीने त्यात अजून पुष्कळ जागा शिल्लक आहे. ते आटून मूळच्या सुमारे एकदशांश झाले, की ही जागा संपते आणि मिठाचे स्फटिक तळाशी बसू लागतात.

परंतु प्रत्येक पदार्थाची जागा एकाच वेळी संपत नाही, हे येथील खरे मर्म होय. ज्याची विद्राव्यता कमी, तो आधी बाहेर पडतो. म्हणून चुनखडी व तिच्यामागून जिप्सम हे मिठाच्या आधीच, अलीकडच्या वाफ्यांत खाली बसतात. मीठ त्यानंतर येते. मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात फारच सहज विरघळतात, म्हणून ते अखेरपर्यंत पाण्यातच राहतात. हेच ते कडू 'शेवटचे पाणी'. ते सोडून न देता सर्व आटविले, तर तो कडवटपणा मिठात उतरतो. शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील ओलावा ओढून घेते; म्हणूनच घरच्या बरणीतील जाडे मीठ पावसाळ्यात पाझरते.

हे पाणी केव्हा घ्यावे व केव्हा सोडावे, हे अनुभवी माणूस पाहून व हाताळून ओळखी. मापाने पाहावयाचे तर बोमे या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे मापक पाण्यात तरंगत ठेवतात. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३ अंश दाखविते. मीठ सुमारे २५ अंशांवर पडू लागते. आणि ३० अंशांच्या सुमारास पाणी सोडून देतात. वर्गातील मुलीला हे अंश ठाऊक नव्हते, परंतु त्यांचा अर्थ तिला ठाऊक होता.

आणखी एक गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात याच उपनगरांतील विलेपार्ले येथे सत्याग्रहींची छावणी होती. जमनालाल बजाज व किशोरलाल मश्रूवाला हे तीत अग्रभागी होते. त्याच वर्षी वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या तुकड्या गेल्या. त्या काळी ठिकठिकाणी लोकांनी समुद्राचे व खाडीचे पाणी भांड्यांत उकळून मीठ काढले व कायदा मोडला. न दिसणारे मीठ पाण्यात आहेच, आणि पाणी घालविले की ते हाती येते, एवढ्या साध्या सत्यावर तो प्रयोग उभा होता.

३. शिक्षकाने आधी समजून घ्यावयाच्या गोष्टी

ज्यात विरघळते तो द्रावक, जे विरघळते ते द्राव्य आणि दोन्ही मिळून जे एकजीव मिश्रण होते ते द्रावण. द्रावणाच्या वरच्या, मधल्या व तळच्या थेंबात द्राव्याचे प्रमाण सारखेच असते. ते कितीही वेळ स्थिर ठेवले तरी तळाशी साका बसत नाही, आणि कापडातून गाळले तरी द्राव्य वेगळे होत नाही. गढूळ पाण्याचे तसे नाही. मातीचे कण पाण्यात केवळ तरंगत असतात. ते बसतात, गाळले जातात.

मीठ विरघळते म्हणजे काय होते? मिठाचा खडा म्हणजे सोडियम व क्लोरीन यांच्या विद्युत्‌भारित कणांची घट्ट रचना होय. सोडियमचा कण धनभारित व क्लोरीनचा ऋणभारित असून ते एकमेकांस धरून असतात. कवायतीच्या वेळी मुले व मुली एकाआड एक हात धरून रांगांत उभी आहेत, अशी कल्पना करावी. पाण्याच्या रेणूचे एक अंग किंचित धन व दुसरे किंचित ऋण असते. पाण्याचे रेणू कडेच्या कणांभोवती गोळा होतात, त्यांस रांगेतून सोडवून घेतात आणि वेढून दूर नेतात. रांग मोडली, मुले नाहीशी झाली नाहीत, मैदानभर पांगली. ती इतकी पांगली की डोळ्यांस दिसत नाहीत. तेलाच्या रेणूंस अशी स्पष्ट धन-ऋण अंगे नसतात, म्हणून पाण्याचे रेणू त्यांना आपल्यांत घेत नाहीत आणि तेल वर तरंगत राहते. चौथीच्या मुलांस धन-ऋणाची भाषा सांगू नये. रांगेचा दृष्टान्त पुरे.

पांगण्यास मर्यादा आहे. नेहमीच्या तपमानास १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळते, साखर सुमारे २०० ग्रॅम, तुरटी जेमतेम दहा-बारा ग्रॅम, आणि खडूची भुकटी जवळजवळ मुळीच नाही. यापेक्षा अधिक घातलेले तळाशी तसेच राहते. अशा भरलेल्या द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात.

तपमानाचा परिणामही प्रत्येक पदार्थावर निराळा होतो. उकळत्या पाण्यात तुरटी थंड पाण्याच्या कितीतरी पट विरघळते. परंतु मीठ १०० ग्रॅम पाण्यात ३६ ऐवजी ३९ ग्रॅम, एवढाच फरक पडतो. म्हणून गरम केलेले तुरटीचे संपृक्त पाणी नुसते निवू दिले तरी स्फटिक मिळतात. मिठाचे तसे होत नाही. तेथे पाणीच घालवावे लागते, आणि त्यासाठी आगराला ऊन व वारा लागतो. खडीसाखर करणारा साखरेच्या दाट, गरम पाकात दोरा सोडून तो सावकाश निवू देतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

वायूंची रीत उलट आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो. पातेल्यात पाणी उकळण्यापूर्वी कडांस जे बारीक बुडबुडे दिसतात, ते बहुतांशी विरघळलेल्या हवेचेच असतात. चैत्र-वैशाखात आटलेल्या तळ्यातील मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात, त्याचे एक कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो हे होय.

४. पाठाचे टाचण

साहित्य : दोन काचेचे पेले, चमचा, मीठ, साखर, खडूची भुकटी, स्वच्छ फडके, काळी पाटी किंवा स्टीलची ताटली, एक लहान बटाटा, आणि गावच्या किराणा दुकानातून तासापुरता आणलेला काटा.

प्रास्ताविक : मुलांस घरातील गोष्टी विचाराव्यात. चहात साखर दिसते का? आमटीत मीठ दिसते का? मग ते आहे हे कशावरून? "चवीवरून" असे उत्तर येईल. येथेच बजावून सांगावे की घरातील खाण्याच्या पदार्थांखेरीज कोणतेही द्रावण चाखावयाचे नाही. मोरचूद, कीटकनाशक यांचीही द्रावणे होतात. चव घेता येत नसेल, तर पदार्थ पाण्यात आहे हे कसे ओळखावे?

हेतुकथन : "विरघळलेला पदार्थ कोठे जातो, हे आज आपण वजन करून पाहू."

विषयप्रतिपादन, पहिला प्रयोग : पेल्याचे वजन घेऊन त्यात २०० ग्रॅम पाणी घ्यावे. कागदावर २० ग्रॅम मीठ तोलावे. ते घालण्यापूर्वी मुलांस भाकीत करावयास सांगावे : विरघळल्यावर पेल्यातील पाण्याचे वजन किती भरेल? २००, २१० की २२०? प्रत्येक उत्तराखाली किती हात वर झाले, ते फळ्यावर लिहावे. मग मीठ घालून ढवळावे व पेला पुन्हा काट्यावर ठेवावा. काटा २२० ग्रॅम दाखविल्यावर वर्गात जी शांतता होते, तीच या पाठाची खरी कमाई. ती घाईने मोडू नये. भाकिताआधी उत्तर सांगून टाकणे म्हणजे प्रयोगाचा जीवच काढून घेणे होय.

दुसरा प्रयोग : त्या पाण्याचे दोन थेंब काळ्या पाटीवर टाकून पाटी उन्हात ठेवावी. शेजारी साध्या पाण्याचेही दोन थेंब टाकावेत. मधल्या सुटीनंतर पाटी पाहावी. खाऱ्या थेंबाच्या जागी पांढरे दाट वर्तुळ दिसेल. साध्या थेंबाच्या जागीही पुसट डाग राहिला, तर तो लपवू नये. विहिरीच्या पाण्यातही थोडे क्षार असतात, हे मुलांस आपोआप कळेल.

तिसरा प्रयोग : एका पेल्यात मिठाचे व दुसऱ्यात खडूच्या भुकटीचे पाणी करावे. दोन्ही फडक्यातून गाळावीत. खडूचा बराचसा भाग फडक्यावर राहील; मीठ राहणार नाही. गाळलेले खारे पाणी पाटीवर सुकवून त्यात मीठ असल्याची खात्री करून घ्यावी.

चौथा प्रयोग : १०० ग्रॅम पाण्यात मीठ एकेक सपाट चमचा घालून ढवळीत जावे व किती चमच्यांनंतर ते तळाशी राहू लागते, ते मोजावे. दुसऱ्या पेल्यात साखरेचे असेच करावे. साखरेचा आकडा वाढत चाललेला पाहून मुलांस मौज वाटते, आणि 'प्रत्येकाची मर्यादा निराळी' हे वाक्य पाठ करवून घ्यावे लागत नाही.

पाचवा प्रयोग : साध्या पाण्यात बटाटा बुडतो. मीठ घालीत गेल्यास तो हळूहळू वर येऊन तरंगू लागतो. द्रावण जितके दाट, तितका तो वर. आगरातील मापक याच तत्त्वावर चालते, हे येथे सांगावे.

संकलन : मुलांनीच आपल्या शब्दांत चार वाक्ये सांगावीत व ती फळ्यावर लिहावीत. विरघळलेला पदार्थ नाहीसा होत नाही. त्याचे वजन कायम राहते. तो गाळून निघत नाही, पाणी घालविल्यास मिळतो. प्रत्येक पदार्थाच्या विरघळण्यास मर्यादा आहे.

५. नेहमी होणाऱ्या चुका

'मीठ पाण्यात वितळते' असे आपण बोलून जातो. वितळणे व विरघळणे या भिन्न क्रिया होत. मेण, लोणी, बर्फ ही उष्णतेने वितळतात. त्यांस दुसऱ्या पदार्थाची गरज नसते. मीठ वितळावयाचे तर सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णता हवी. पाण्यात ते विरघळते.

दुसरी चूक : 'ढवळल्याने जास्त विरघळते.' ढवळल्याने किंवा कुटून बारीक केल्याने पदार्थ लवकर विरघळतो, अधिक विरघळत नाही. संपृक्त द्रावण दिवसभर ढवळले तरी तळाचे मीठ तळालाच राहील.

तिसरी चूक : 'पाणी पारदर्शक म्हणजे शुद्ध.' खाडीकाठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, तरी दिसावयास ते नितळच असते. फडक्याने गाळल्यास कचरा निघतो, तुरटीने गढूळपणा बसतो, उकळल्याने रोगजंतू मरतात. परंतु विरघळलेले मीठ यांपैकी कशानेही जात नाही.

६. उपयोजन

या पाठाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. मुलास जुलाब झाले असता द्यावयाची जलसंजीवनी हे एक द्रावणच आहे. घरी करावयाची झाल्यास एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ, हे प्रमाण होय. तयार पाकीट असल्यास पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ते संपूर्ण घालावे. अर्धे पाकीट अदमासाने घालू नये. मीठ प्रमाणाबाहेर गेल्यास आजारी मुलास अपाय होतो, आणि ते अधिक झाले की कमी हे पाण्याकडे पाहून कळत नाही. जुलाब थांबत नसतील किंवा मूल मलूल दिसत असेल, तर त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

योग्य प्रमाणाचा पेला व चौपट मिठाचा पेला शेजारी ठेवून मुलांस विचारावे : "यांत औषध कोणते व अपाय कोणता?" दोन्ही सारखेच नितळ दिसतील. मग मापाचा चमचा सपाट का करावयाचा, हे मुले घरी जाऊन आईला सांगतील. पुष्कळ घरांत हे सांगणारे शाळकरी मूलच असते.

७. समारोप

आपल्या वर्गांतील मुले रिकामी येत नाहीत. कोणाच्या घरी मीठ पिकविले गेले असेल, कोणाकडे गुळाचा पाक होत असेल, कोणाचे वडील फवारणीचे औषध कालवीत असतील, कोणाची आई कापडाचा रंग करीत असेल. द्रावणाचा काही ना काही अनुभव प्रत्येकाजवळ आहे. पुस्तकाहून निराळे उत्तर आले, तर फुली मारण्यापूर्वी "तुला हे कसे ठाऊक?" एवढे विचारावे. उत्तर चुकले असेल तर चूक कोठे झाली ते कळेल. बरोबर असेल तर आपणच काही शिकू.

स्वाध्याय (शिक्षकांसाठी) :
१. आपल्या गावात द्रावणाचा उपयोग होणारे तीन व्यवसाय शोधा व त्यांपैकी एका जाणकारास वर्गात बोलवा.
२. गावातील दोन विहिरींचे पाणी समान मापाने घेऊन ताटल्यांत सुकवा. मागे उरलेल्या थराची तुलना मुलांकडून लिहून घ्या.
३. पहिल्या प्रयोगापूर्वीची मुलांची भाकिते नोंदवून ठेवा, आणि एक महिन्याने तोच प्रश्न साखर घेऊन पुन्हा विचारा. किती मुलांची उत्तरे बदलली, ते पाहा. पाठ कितपत रुजला हे त्यावरून समजेल.